डोंबिवलीची तूरडाळ आणि मोझांबिकचं बंदर

परराष्ट्र धोरण म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते, शिखर परिषदा आठवतात. आज आपण हा विषय डोंबिवलीच्या किराणा दुकानातून समजून घेऊ.

ऑक्टोबर २०१५ आठवतो का? तूरडाळ किलोमागे २०० रुपयांवर गेली होती. लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी, मराठवाडा-विदर्भात तूर कमी. मग सरकारने बाहेर पाहिलं. जुलै २०१६मध्ये मोझांबिकशी करार झाला. २०१६-१७मध्ये १ लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१पर्यंत २ लाख टन डाळी आणायच्या, असं ठरलं.

मोझांबिकच का? तिथले छोटे शेतकरी तूर पिकवतात, पण तिथे ती फारशी खाल्ली जात नाही. शिवाय त्यांची तूर ऑगस्ट-सप्टेंबरात निघते. आपली नवी तूर बाजारात यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. म्हणजे आपल्याकडचा साठा आटत आलेला असतो, नेमका तेव्हा त्यांचा माल तयार.

पण अशा कराराला दुसरी बाजूही असते. २०१६-१७मध्ये आपल्याकडे पाऊस चांगला झाला, तूर अमाप पिकली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल होता, बाजारात मात्र त्याहून कमी मिळत होता. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, कुठे बारदान संपलं. ऑगस्ट २०१७मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. करारातली आयात त्यातून वगळलेली होती. शब्द दिला होता ना! तरीही भारतातली मागणी मंदावल्यावर मोझांबिकच्या शेतकऱ्यालाही भाव मिळेना. डोंबिवलीचं गिऱ्हाईक, लातूरचा शेतकरी आणि मोझांबिकचा शेतकरी, तिघांचं हित एकाच वेळी सांभाळणं ही आर्थिक मुत्सद्देगिरीची खरी परीक्षा.

२०२१मध्ये करार आणखी पाच वर्षं वाढवला, वर्षाला २ लाख टन तूर. तरी २०२३च्या अखेरीस काय झालं? तिथल्या व्यापाऱ्यांमधला वाद कोर्टात गेला, निर्यातीच्या कागदपत्रांवरून माल बंदरात अडकला. आपल्याकडे डाळ महागलेली आणि तूर नकाला बंदरात पडून! शेवटी आपल्या सरकारला तिथल्या सरकारशी बोलावं लागलं. आकड्यावर सही होते, पण माल सोडणारा कागद वेगळाच असतो.

आपल्या कल्याणला ही गोष्ट नवी नाही. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे इथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. पण खाडीचं तोंड वसईजवळ, आणि वसई पोर्तुगीजांकडे. त्या काळी समुद्रात व्यापारी गलबत न्यायचं तर पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना लागे. १६५९मध्ये कल्याण, भिवंडी, पनवेलची ही जहाजं बाहेर पडू देऊ नका, असा त्यांनी हुकूम काढला. कल्याणला कामाला असलेल्या पोर्तुगीज कारागिरांनाही वळवून परत नेलं. जहाज बांधलं तरी वाट दुसऱ्याच्या हातात असेल, तर काय होतं हे आपण तेव्हाच पाहिलंय. गंमत म्हणजे त्या काळात मोझांबिकचा कारभारही गोव्याहून चाले, थेट १७५२पर्यंत.

आज बळाचा प्रश्न नाही. मोझांबिक १९७५पासून स्वतंत्र देश आहे आणि त्याच्याशी बरोबरीनेच बोलायला हवं. पोर्तुगीज भाषिक देशांची १९९६मध्ये स्थापन झालेली एक संघटना आहे. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक धरून तिचे नऊ सदस्य. २०२१पासून भारत तिथे सहयोगी निरीक्षक आहे. गोवा, दमण, वसईचा इतिहास आपल्याकडे आहे, पण नुसत्या इतिहासावर डाळ शिजत नाही. त्यांची भाषा जाणणारे, तिथले कायदे आणि बंदरं ओळखणारे लोक आपल्याला लागतील.

तेव्हा पुढच्या वेळी 'अमुक लाख टनांचा करार' अशी बातमी वाचली की आपण तीन प्रश्न विचारूया. माल कोणत्या महिन्यात येणार? तेव्हा आपल्या शेतकऱ्याचा माल बाजारात असेल का? आणि तिथल्या बंदरातून तो सोडण्याचा कागद कोणाच्या हातात आहे? उत्तरं मिळाली, तर करार समजला म्हणायचं.