अकरा पेट्या सोनं

घामोळं उठलं की आपल्या घरी गुलाबी कॅलामाइन लोशनची बाटली निघते. या 'कॅलामाइन'चं कोडं ज्याने सोडवलं, त्याच्याच पैशातून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. आज तिची २१ संग्रहालयं आहेत, शिवाय एक प्राणिसंग्रहालय. जेम्स स्मिथसनने मात्र जिवंतपणी अमेरिकेत पाऊलही टाकलं नाही.

तो इंग्रज उमरावाचा अनौरस मुलगा. बापाची पदवी मिळणार नव्हतीच. मन रमलं रसायनशास्त्रात. जस्ताच्या खनिजाला तेव्हा सरसकट कॅलामाइन म्हणत. स्मिथसनने ठिकठिकाणच्या खाणींतले खडे आम्लात टाकून पाहिले. काही फसफसले, म्हणजे कार्बोनेट. काही मुळीच फसफसले नाहीत, त्यांची खळीसारखी चिकट लापशी झाली, ते सिलिकेट. एका नावाखाली निरनिराळी खनिजं खपत होती, हे त्याने १८०२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं. यातल्या कार्बोनेटला पुढे 'स्मिथसनाइट' नाव पडलं.

१८२९ मध्ये तो इटलीत जिनोआला वारला. मृत्युपत्रात सगळं पुतण्याला, पुढे त्याच्या मुलांना, मग ती औरस असोत वा अनौरस. (हे शब्द त्याने मुद्दाम घातले असणार!) मुलंच नसली, तर ज्ञान वाढवणारी आणि पसरवणारी संस्था काढायला पैसा अमेरिकेला. पुतण्या निपुत्रिक गेला. १८३८ मध्ये अकरा पेट्यांतून १,०४,९६० सोन्याची नाणी समुद्रापार पोचली. सरकारने ती रक्कम आर्कान्सासच्या रोख्यांत घातली आणि राज्याने हात वर केले. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी प्रकरण लावून धरलं, तेव्हा कुठे १८४६ मध्ये संस्थेचा कायदा झाला.

वॉशिंग्टनमधल्या या संग्रहालयांना तिकीट नाही. झुंबड असते ती ४५.५२ कॅरटच्या निळ्या होप हिऱ्यापुढे. तो मूळचा आपल्या गोवळकोंड्याकडचा. १९५८ मध्ये साध्या टपालाने, रजिस्टर करून इथे आला. निळाई बोरॉनच्या किंचित अंशामुळे. अतिनील दिवा मालवला की हिरा काही क्षण निखाऱ्यासारखा लाल दिसत राहतो.

आणि स्मिथसन? जिनोआची दफनभूमी शेजारची दगडखाण गिळू लागली. खनिजांच्या अभ्यासकाची कबर खाणीत जायची! १९०४ मध्ये टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः जाऊन त्याच्या अस्थी घेऊन आले. संस्थेच्या जुन्या लाल इमारतीत त्याची समाधी आहे.