रूळ आणि रस्ता (लेखांक ६) : ‘भंडारा रोड’मधला रोड

स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ लागला की जुन्या प्रवाशाला वेगळं सांगावं लागत नाही. गाव इथे नाही, इथून पुढे रस्त्यानं जा, एवढाच त्याचा अर्थ. भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला हा शब्द तीनदा आला आहे. भंडाऱ्याचं स्टेशन शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर वरठीला, तेही मोहाडी तालुक्यात. नाव ‘भंडारा रोड’. तुमसर शहरातून तिरोडीची शाखा जाते खरी, पण मुंबई-हावडा मुख्य मार्गावरची गाडी धरायची तर देव्हाडी गाठावी लागते. ते ‘तुमसर रोड’. आणि नागपूर-नागभीडच्या छोट्या रुळांवर पवनीकरांसाठी होतं ‘पवनी रोड’. ती छोटी गाडी नोव्हेंबर २०१९मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली.

गेल्या आठवड्यात आपण पोलादी चाक आणि रबरी टायर यांचा हिशेब पाहिला. पोलादावर पोलाद फिरतं तेव्हा घर्षण फारच कमी, म्हणून तेवढंच वजन ओढायला रेल्वेला ट्रकच्या मानानं कितीतरी कमी ऊर्जा लागते. कागदावर रूळ जिंकले. मग भंडाऱ्याहून नागपूरला रोज अपडाऊन करणारा माणूस मोटारसायकलला किक का मारतो? या लेखांकात त्याचं उत्तर शोधायचं आहे, आणि माझ्या मते ते वरठी ते भंडारा या दहा-बारा किलोमीटरांत आणि एका लूप लाईनमध्ये, म्हणजे गाडी बाजूला काढून उभी करायच्या रुळात, आहे.

भंडाऱ्यात रेल्वे आणावी की रस्ता, असा वाद मुळात घालताच येत नाही, कारण रेल्वे इथे येऊन एकशे चाळीस वर्षं झाली. १८७०च्या दशकाअखेरच्या दुष्काळानंतर छत्तीसगडचं धान्य बाहेर काढता यावं म्हणून नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधायला घेतली गेली. मीटर गेजचे ते रूळ १८८२मध्ये राजनांदगावला पोचले. १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं हा मार्ग घेतला आणि ब्रॉडगेज केला. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही लाईन मालासाठी होती. माणसं तिच्यावर बसली, पण तिचा स्वभाव मालगाडीचाच राहिला. आजच्या लोकलचं सगळं दुखणं त्या स्वभावात आहे.

सकाळी वरठी स्टेशनाबाहेर थोडा वेळ उभं राहावं. धूळ बसलेल्या दुचाकींच्या रांगा, ऑटोवाल्यांची ‘भंडारा, भंडारा’ अशी हाक, लोखंडाच्या कारखान्याकडे निघालेली पाळीची माणसं. डब्याची पिशवी खांद्यावर टाकलेली एखादी बाई खिडकीशी न जाता आधी चहावाल्याला विचारते, ‘‘हाय का जी लोकल?’’ किती वाजता आहे, हे ती विचारत नाही. वेळ तिला पाठ असते. गाडी आज आहे की नाही, हा तिचा प्रश्न असतो. चहावाला मान हलवतो, तेव्हा ती पास काढून हातात धरते. रोजच्या प्रवासाचा कणा असलेली सेवा ‘आहे का’ या प्रश्नावर टांगलेली असावी, याचं मला फार वाईट वाटतं.

ती गाडी का डळमळते, हे समजून घेण्यासारखं आहे. दुहेरी मार्ग म्हणजे जायला एक रूळ आणि यायला एक. भंडारा रोडहून नागपूरकडे निघालं की खात, रेवराल, थारसा, चाचेर, सालवा, कन्हान, कामठी अशी स्टेशनं लागतात. लोकल प्रत्येक ठिकाणी थांबते, पुन्हा वेग घेते. तिच्या मागून न थांबणारी एक्स्प्रेस येते, तिच्यामागे कोळशाची मालगाडी. सगळ्या गाड्या एकाच वेगानं धावल्या तर एका रुळावरून खूप गाड्या सोडता येतात. वेगात फरक पडला की ती संख्या झपाट्यानं घटते. मधेमधे थांबणारी एक गाडी न थांबणाऱ्या दोन-तीन गाड्यांची जागा खाते. तेव्हा नियंत्रकाच्या हातात एक सोपा उपाय असतो: लोकलला लूपवर घ्यायचं आणि मागच्या गाडीला थ्रू द्यायची. अशा लूपवर उभ्या असलेल्या गाडीत बसून मी समोरून जाणाऱ्या वाघिणी मोजल्या आहेत. अठ्ठावन्न, मग शेवटी गार्डाचा डबा. एका रेकमध्ये साधारण ४,००० टन कोळसा असतो. तेवढा कोळसा रस्त्यानं न्यायचा तर पंचवीस टनी ट्रक १६० लागतील.

म्हणून मालगाडीला शत्रू ठरवणं मला पटत नाही. तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं वीजकेंद्र, मौद्याचं २,३२० मेगावॉटचं, कोराडी आणि खापरखेडा, ही सगळी याच पट्ट्यात आहेत आणि त्यांची भूक मोठी आहे. शिवाय रेल्वेचा संसार मालभाड्यावर चालतो. प्रवाशाच्या तिकिटावरच छापलेलं असतं की सरासरी खर्चापैकी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात. ज्या गाडीतून तोटा आणि ज्या गाडीतून कमाई, त्या दोन्ही एकाच रुळावर आल्या की कोण थांबणार, हे ठरलेलंच आहे. पण तिकिटावरचं ते वाक्य वाचून प्रवाशानं ओशाळावं, हे मला मान्य नाही. रस्त्यानं जाणाऱ्याच्या प्रवासातही सरकारचा पैसा असतो: भूसंपादनात, पुलात, अपघातानंतरच्या सरकारी दवाखान्यात. तो कुठल्या पावतीवर छापला जात नाही, म्हणून वादात मोजला जात नाही.

आता दुसरी बाजू. नागपूर-भंडारा-लाखनी-साकोली असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग पूर्वी सहा क्रमांकाचा, आता ५३. जिल्ह्यात सात तालुके आहेत; त्यांपैकी साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी यांच्या मुख्य गावांतून आज प्रवासी गाडी जात नाही. साकोलीकरांना सौंदड गाठावं लागतं, लाखांदूरकरांना वडसा. या माणसांसाठी रस्ता हाच एकमेव आधार आहे. रात्री छातीत दुखायला लागलेला माणूस नागपूरला पोचतो तो रस्त्यानंच. हे ज्याला दिसत नाही, त्यानं रेल्वेची बाजू घेऊ नये.

भंडारा-नागपूर हा साठ-पासष्ट किलोमीटरचा तुकडा मात्र वेगळा आहे. इथे रूळ आणि रस्ता शेजारी-शेजारी धावतात आणि तरी रस्ता जिंकतो. घरून निघालेल्या माणसाचा हिशेब करून पाहू. बस भंडाऱ्याच्या स्थानकावरून सुटते, मौदा, माथनीचा टोलनाका करत पारडीवरून नागपुरात शिरते. पारडीच्या अंगाला प्रजापतीनगरला मेट्रो भेटते, आणि दुसऱ्या टप्प्यात ती मेट्रो याच रस्त्यावर पुढे कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरपर्यंत यायची आहे. रेल्वेवाल्याला आधी वरठी गाठायला ऑटो. मग गाडीची वाट. गाडीत सव्वा तास किंवा जास्त. आणि उतरायचं बहुतेक वेळा इतवारीला. तिथून सीताबर्डीला पुन्हा ऑटो. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत आणि दोघांचंही नाव ‘नागपूर विभाग’. एक मध्य रेल्वेचा, दुसरा बिलासपूर मुख्यालयाच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. भंडारा रोड आणि इतवारी दुसऱ्याच्या ताब्यात, नागपूरचं मुख्य स्टेशन पहिल्याच्या. नोकरदाराला या हद्दीशी काही देणंघेणं नाही, पण त्याची गाडी जिथे संपते तिथे ती हद्द त्याला भेटते. म्हणजे रेल्वे फक्त मधल्या लूपवर हरत नाही. ती दोन्ही टोकांनाही हरते.

आणि मग २०२० आलं. २२ मार्चला प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे परतल्या त्या ‘स्पेशल’ म्हणून; पॅसेंजरचं किमान भाडं दहा रुपयांवरून तीस झालं. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. मधल्या काळात ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत एसटीचा संप. तो मिटतो न मिटतो तोच देशभर कोळशाची टंचाई आली आणि कोळशाच्या रेकांना वाट करून देण्यासाठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या हद्दीतल्या अनेक प्रवासी गाड्या रद्द झाल्या. पुढे मार्च २०२३पासून एसटीनं महिलांना अर्धं तिकीट दिलं. तीन वर्षं ज्याला रोज नागपूर गाठायचं होतं, त्यानं काय करावं? जमेल तशी दुचाकी घेतली, हप्ते सुरू केले. एकदा हप्ता सुरू झाला की माणूस पासकडे परत वळत नाही. गाडीवर अवलंबून असलेलं शहर अशा प्रकारे घडतं. एखाद्या साध्या सेवेवरचा विश्वास उडाल्यावर घराघरांत स्वतंत्रपणे घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज असते. त्या बेरजेला ‘लोकांना गाडीच आवडते’ असं म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

या सगळ्यावर एक उत्तर कागदावर आहे, आणि ते चांगलं आहे: ब्रॉडगेज मेट्रो. नितीन गडकरी यांनी लावून धरलेली ही कल्पना. जुलै २०१८मध्ये तिचा सामंजस्य करार झाला, २०२१मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड असे चार मार्ग, एकूण सुमारे २६९ किलोमीटर. त्यांतला भंडारा रोडचा ६२.७. नवे रूळ टाकायचे नाहीत, आहेत त्याच रुळांवर आठ डब्यांच्या वातानुकूलित गाड्या चालवायच्या. म्हणून खर्च फक्त ३३३ कोटी ६० लाख. तुलना करून पाहा: ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला सुमारे ५५,००० कोटी लागले. म्हणजे ब्रॉडगेज मेट्रोच्या चारही मार्गांचा मिळून खर्च समृद्धीच्या चार-सव्वाचार किलोमीटरांइतका.

इतकी स्वस्त गोष्ट अजून धावत का नाही? कारण ती ज्यामुळे स्वस्त आहे, नेमकं तेच तिच्या पायातली बेडी आहे. रूळ नवे टाकायचे नाहीत म्हणजे जुन्या रुळांवर जागा मागायची, आणि तिथे जागा नाही, हे आपण वर पाहिलं. डबे कितीही चकचकीत आणले तरी लूप तोच राहतो. डिसेंबर २०२२मध्ये बिलासपूर-नागपूर वंदे भारत सुरू झाली, तेव्हा तिच्या थांब्यांत गोंदिया होतं, भंडारा रोड नव्हतं. वेगवान गाडी थांबत नाही आणि थांबणाऱ्या गाडीला वाट मिळत नाही, अशा कात्रीत हा जिल्हा आहे. खरी किल्ली राजनांदगाव-नागपूर तिसऱ्या लाईनमध्ये आहे. २२८ किलोमीटरचं हे काम तुकड्यातुकड्यानं होत आलं आहे. माझी भीती एवढीच की तिसरी लाईन पूर्ण झाली की तीही कोळसाच भरून टाकेल. जागा मोकळी झाली की ती कुणीतरी घेतंच.

रस्त्यांचं तर हे जुनंच दुखणं आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये केटी फ्रीवे २००८मध्ये रुंद करून झाला. सर्वांत रुंद ठिकाणी सेवारस्ते धरून २६ मार्गिका. कोंडी संपेल म्हणून केलेलं काम. पण २०११ ते २०१४ या तीनच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास सकाळी सुमारे ३० आणि संध्याकाळी ५५ टक्क्यांनी लांबला. रस्ता मोकळा दिसला की जो सकाळी लवकर निघत होता तो उशिरा निघतो, जो बसनं जात होता तो गाडी काढतो, आणि शहराबाहेर प्लॉट पडतात. भंडाऱ्यालाही आता शहराबाहेरून वळणरस्ता झाला आहे, आणि समृद्धीला जोडून नागपूरहून भंडाऱ्यामार्गे गोंदियापर्यंत द्रुतगती महामार्गाची आखणी आहे. तो धानाच्या बांध्यांतून जाईल. चौपदरी महामार्ग आणि रेल्वे असताना त्याच दिशेला तिसरा पट्टा कशासाठी, हे विचारायचा हक्क त्या बांध्यांच्या मालकांना आहे.

मला विचाराल तर भंडाऱ्यासाठी क्रम असा लावीन. तिसऱ्या लाईनच्या वेळापत्रकात सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन लोकलची जागा आधी राखून ठेवायची, उरलेल्या जागेत बाकी सगळं. त्यातली निदान एक गाडी नागपूरच्या मुख्य स्टेशनापर्यंत न्यायची, म्हणजे उतरल्या उतरल्या मेट्रो मिळेल. आणि या सगळ्याच्याही आधी, एक रुपयाचाही रूळ न टाकता, वरठीच्या प्रत्येक लोकलला भंडाऱ्याहून एसटी जोडायची. जोडायची म्हणजे खरोखर जोडायची: संध्याकाळी गाडी वीस मिनिटं उशिरा आली तर बसही वीस मिनिटं थांबली पाहिजे. बसच्या चालकाला स्टेशनमास्तरांकडून वेळ कळली पाहिजे आणि त्या उशिराचा दोष त्याच्या माथी येता कामा नये. पास एकच, दोन्हीकडे चालणारा. एवढं सहा महिने नेमानं केलं, तर पिशवी खांद्यावर टाकून येणाऱ्या त्या बाईला चहावाल्याला काही विचारावं लागणार नाही.

पुढच्या लेखांकात ‘पवनी रोड’कडे जाऊ. नागपूर-नागभीडची १०६ किलोमीटरची छोटी लाईन मोठी होताना तिच्यावरची छोटी स्टेशनं राहतात का, आणि राहिली तर तिथे काय थांबतं, हे तेव्हा पाहू.