ख्रिसमस ट्री: खरं झाड घ्यावं की प्लॅस्टिकचं? निवड, सजावट आणि सणानंतरची काळजी

डिसेंबर सुरू झाला की मुंबईत वांद्र्याचा हिल रोड आणि क्रॉफर्ड मार्केट तारे, घंटा आणि चमचमत्या गोळ्यांनी भरून जातं. वसई आणि गोव्यात घरोघरी नाताळच्या गोठ्याची तयारी सुरू होते. आता ख्रिश्चन नसलेल्या अनेक घरांतही, विशेषतः लहान मुलं असतील तर, ख्रिसमस ट्री आणलं जातं.

पण दुकानात गेल्यावर प्रश्न पडतो. कुंडीतलं खरं झाड घ्यायचं की घडी करून ठेवता येणारं प्लॅस्टिकचं? खरं झाड फ्लॅटमध्ये जगेल का? आणि २५ डिसेंबरनंतर त्याचं करायचं काय?

झाड सजवण्याची प्रथा आली कुठून?

ख्रिसमस ट्रीची आज आपल्याला माहीत असलेली प्रथा मूळची जर्मन भाषक प्रदेशातली. स्ट्रासबर्ग शहरातल्या १६०५ च्या एका नोंदीत घरातल्या झाडांना कागदी गुलाब, सफरचंदं आणि गोड पदार्थ लावल्याचा उल्लेख सापडतो. म्हणजे सुरुवातीची सजावट घरातल्याच वस्तूंची होती. काचेचे गोळे पुढे १९ व्या शतकात जर्मनीतल्या लाउशा या काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातून जगभर पोहोचले.

ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया आणि तिचे जर्मन पती प्रिन्स अल्बर्ट यांचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आलं आणि ही पद्धत इंग्रजी जगात लोकप्रिय झाली. तेव्हा झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत. विजेचे दिवे लावले ते थॉमस एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी, १८८२ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी. लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे होते.

आपल्याकडे 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते झाड कोणतं?

युरोप-अमेरिकेत स्प्रूस, फर किंवा पाइनची झाडं वापरतात. ती थंड हवामानातली. मुंबई, पुणे किंवा पणजीच्या हवेत ती टिकणं अवघड. त्यामुळे आपल्या नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून बहुतेक वेळा अरोकेरिया मिळतं. मधोमध सरळ खोड आणि मजल्यांसारख्या थरांत पसरलेल्या फांद्या, ही त्याची ओळख.

त्याला 'नॉरफोक आयलंड पाइन' असंही म्हणतात, पण ते खरं पाइन नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मध्ये असलेल्या नॉरफोक बेटावरचं हे झाड. तिथल्या ध्वजावरही ते आहे. मूळ ठिकाणी ते ५० मीटरपेक्षाही उंच वाढतं. खारा वारा त्याला सोसतो, म्हणून किनारपट्टीच्या शहरांत ते बऱ्यापैकी रुळतं.

दुसरा सोपा पर्याय म्हणजे मोरपंखी, अर्थात थुजा. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक नर्सरीत ती मिळते. तिचा आकार आपसूकच निमुळता असतो आणि वर्षभर ती बाल्कनीत राहू शकते.

गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर सुरूची फांदी आणून सजवण्याची पद्धतही जुनी आहे. मात्र किनाऱ्यावरची सुरूची बनं वारा आणि वाळू अडवण्याचं काम करतात. शिवाय महाराष्ट्रात शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. त्यामुळे आपल्या वाडीत छाटणीतून निघालेली फांदी असेल तरच हा पर्याय निवडावा.

मग पर्यावरणासाठी काय चांगलं?

'प्लॅस्टिक वाईट, खरं चांगलं' इतकं हे सरळ नाही. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन उत्सर्जन होतं. तोडलेलं खरं झाड सणानंतर कचराभूमीत कुजलं तर हा आकडा सुमारे १६ किलो असतो. ते जाळलं तर सुमारे साडेतीन किलो.

याचा अर्थ असा, की प्लॅस्टिकचं झाड दोन-तीन वर्षांत फेकून देणार असाल तर तो तोट्याचा सौदा आहे. तेच दहा-बारा वर्षं वापरलं, तर तो समंजस पर्याय ठरू शकतो. घरात आधीच जुनं प्लॅस्टिकचं झाड असेल तर तेच पुन्हा काढणं सर्वांत उत्तम.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ही झाडं बहुतेकदा पीव्हीसीची असतात. मोडलं म्हणून ते जाळू नका. पीव्हीसी जळताना विषारी वायू बाहेर पडतात.

कुंडीतलं झाड घेताना काय बघाल?

सगळ्यात आधी शेंडा बघा. अरोकेरियाचा शेंडा मोडलेला असेल तर पुढची सरळ, सुबक वाढ बिघडते.

खालच्या फांद्या तपासा. त्या तपकिरी पडल्या असतील तर झाड घेऊ नका. अरोकेरियाची गळलेली फांदी त्या जागी पुन्हा फुटत नाही.

खोड हलकेच हलवा. खोडाबरोबर कुंडीतली मातीही हलली, तर मुळं धरलेली आहेत. खोड सुटं हलत असेल तर ते नुकतंच कुंडीत खोचलेलं असू शकतं.

रंग किंवा चमकी फवारलेलं झाड टाळा. पानं झाकली गेली की झाडाला श्वास घेणं आणि अन्न तयार करणं अवघड जातं.

प्लॅस्टिकचं झाड घेणार असाल तर आधी घरात माप घ्या. वरच्या ताऱ्याची उंची धरूनही छतापर्यंत किमान अर्धा फूट जागा उरायला हवी. घेरही मोजा, नाहीतर झाड उभं राहतं आणि दार उघडत नाही. स्टँड लोखंडी आणि रुंद असलेला चांगला.

सजवायचं कसं?

क्रम सोपा आहे: आधी दिवे, मग माळा, शेवटी लटकन. दिव्यांची माळ खोडाजवळून सुरू करून फांदीच्या टोकाकडे आणि परत आत अशी फिरवली, तर झाड आतूनही उजळतं. मोठे गोळे आतल्या बाजूला आणि छोटे टोकांना लावले की झाड भरगच्च दिसतं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर काचेच्या वस्तू वरच्या फांद्यांवर लावा.

नवं सामान आणायलाच हवं असं नाही. दिवाळी होऊन महिना-दीड महिनाच झालेला असतो. एलईडीच्या माळा आणि छोटे कागदी कंदील माळ्यावर असतातच. रंगवलेली पणती उलटी टांगली की तिची घंटा होते. जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून छोट्या रिंगा करता येतात. खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे तारे, शिंपले, लोकरीचे गोंडे, जुन्या लग्नपत्रिकांच्या चांदण्या, हे सगळं मुलांना सुट्टीत करता येण्यासारखं आहे.

रंग दोन किंवा तीनच ठेवा. लाल-सोनेरी ही नेहमीची जोडी. पांढरा आणि तागाचा मातकट रंगही छान दिसतो.

झाड जिवंत असेल तर सजावट हलकीच हवी. अरोकेरियाच्या फांद्या नाजूक असतात, वजनाने त्या खाली झुकतात. तारा थेट शेंड्यावर खोचू नका. कुंडीत बारीक बांबूची काठी रोवून तिच्या टोकाला तारा बांधा. शेंडाही वाचतो आणि तारा सरळही राहतो.

जागाच नसेल तर? वन रूम किचनमध्ये भिंतीवर दिव्यांची माळ झाडाच्या आकारात लावता येते. किंवा पाच-सहा सुक्या काटक्या लांबीच्या क्रमाने सुतळीला बांधून खिळ्याला टांगा. झालं झाड तयार.

विजेची काळजी

जिवंत किंवा प्लॅस्टिकच्या, कोणत्याही झाडावर पेटती मेणबत्ती नको. जुन्या पद्धतीचे बारीक बल्ब तापतात, एलईडी त्यामानाने खूपच कमी तापतात. वायर कुरतडलेली किंवा सोललेली असेल तर ती माळ वापरू नका. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर चार-पाच माळा जोडू नका. झोपताना आणि घराबाहेर पडताना दिवे बंद करा. पडद्याजवळ झाड ठेवू नका.

सण संपल्यावर काय?

ख्रिश्चन परंपरेत नाताळचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही. ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो, गोव्यात तो उत्साहाने साजरा होतो. अनेक घरांत तोपर्यंत झाड ठेवलं जातं.

कुंडीतल्या झाडाचा खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. सण संपला की ते कोपऱ्यात पडतं, पाणी विसरलं जातं आणि वाळलं की कचऱ्यात जातं. ते टाळायचं असेल तर घरात असतानाच काही पथ्यं पाळा. झाड खिडकीजवळ, भरपूर उजेडात ठेवा. एसीचा झोत थेट लागू देऊ नका. मातीचा वरचा थर कोरडा झाला की पाणी द्या, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. मुळं कुजण्याचं ते मोठं कारण असतं.

सजावट काढल्यावर झाड एकदम कडक उन्हात नेऊ नका. आठवडाभर सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, असं हळूहळू सवयीचं करा. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदला. कुंडीत वाढ मर्यादित राहते, त्यामुळे तेच झाड अनेक नाताळांना वापरता येतं.

सोसायटीच्या आवारात लावायचा विचार असेल तर त्याची पूर्ण वाढलेली उंची आठवा. इमारतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब, मोकळी जागा असेल तरच ते जमिनीत लावा.

थोडक्यात, रोज दोन मिनिटं झाडाकडे बघायला वेळ असेल तर कुंडीतलं झाड घ्या. तो नसेल तर प्लॅस्टिकचं एकदाच घ्या आणि दहा वर्षं जपून वापरा. दोन्ही नको असेल तर भिंत आणि दिवाळीची माळ आहेच.