शिडाच्या नौकांचे शरदातील दक्षिणगमन : अटलांटिक अंतर्गत जलमार्ग

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अनेक शिडाच्या नौका शरद ऋतूत फ्लोरिडाकडे प्रस्थान करतात. चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो आणि उत्तरेकडून थंडी सरकत असते. या दोहोंच्या मधला अल्प काळ साधावा लागतो. हॅटेरास भूशिराजवळील धोकादायक समुद्र टाळण्यासाठी नॉरफोक ते मायामी हा नद्या, खाड्या व कालवे जोडून सिद्ध झालेला सुमारे १,७५० किलोमीटरचा अंतर्गत मार्ग उपयोगी पडतो. मात्र अरुंद पात्रात बहुधा इंजिनावरच विसंबावे लागते. स्थिर पुलांखालील प्रमाण उंची ६५ फूट असल्याने त्याहून उंच डोलकाठीच्या नौकांना खुला समुद्रच पत्करावा लागतो. शिवाय गाळ सतत साचतो. सारांश, हा आसरा नियमित गाळउपशावाचून टिकत नाही.