फॉल्चन खड्गाच्या प्रतिकृती आणि त्यांची तुलना

मध्ययुगीन युरोपात, विशेषतः तेराव्या ते सोळाव्या शतकांत, प्रचारात असलेल्या आणि एका हाताने चालवावयाच्या एकधारी खड्गास 'फॉल्चन' असे म्हणतात. त्याच काळातील दुधारी सरळ तलवारी युरोपच्या संग्रहालयांत विपुल आहेत. फॉल्चनचे अस्सल नमुने मात्र त्या मानाने फार थोडे उरले आहेत. त्यामुळे ह्या शस्त्राचा संग्रह करू इच्छिणाऱ्यास बहुधा प्रतिकृतींवरच समाधान मानावे लागते. अशा प्रतिकृती केवळ शोभेसाठी भिंतीवर टांगल्या, तर त्यांविषयी काही लिहिण्याचे कारण नाही. परंतु त्या शेजारी शेजारी ठेवून, हाताळून व मोजून त्यांवरून मूळ शस्त्राविषयी अनुमाने काढली जातात, आणि ती पुढे ग्रंथांतही शिरतात. प्रतिकृतीस साक्षीस बोलवावयाचे, तर तिची साक्ष कोणत्या गोष्टींपुरती ग्राह्य मानावयाची, हे आधी ठरविले पाहिजे. हा प्रश्न शस्त्रविद्येचा दिसत असला, तरी हस्तलिखित प्रतींवरून मूळ पाठाकडे जाणाऱ्या अभ्यासकास तो अपरिचित नाही.

प्रथम शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. 'फॉल्चन' ह्या शब्दाचे मूळ लॅटिन 'फाल्क्स', म्हणजे विळा, ह्या शब्दात आहे. प्राचीन फ्रेंच भाषेत त्याचे 'फोशॉन' असे रूप झाले. मध्यकालीन इंग्रजीत तो शब्द आला तोही लकाररहितच. पुढे प्रबोधनकाळी लॅटिन व इटालियन रूपांचा आदर्श पुढे ठेवून विद्वानांनी त्यात 'ल' पुन्हा घातला. ह्या व्युत्पत्तीवरून पुष्कळांनी असे मानले की, हे शस्त्र शेतकऱ्याच्या विळ्यातून उत्क्रांत झाले असावे आणि म्हणून ते गरीब पायदळाचे, ओबडधोबड शस्त्र असावे. शब्दाच्या इतिहासास वस्तूचा इतिहास समजण्याची ही चूक होय. विळ्याची धार आतल्या वाकास असते, फॉल्चनची बाहेरच्या फुगीर कडेस. नाव देणाऱ्याने आकाराचे साम्य पाहिले, इतकेच त्या नावावरून सिद्ध होते. रुडोल्फ मेरिंगर प्रभृतींनी १९०९ साली 'शब्द आणि वस्तू' ह्या अर्थाच्या नावाचे जर्मन नियतकालिक काढून जो मार्ग घालून दिला, त्याचा आग्रहच हा होता की, शब्दाचा अभ्यास करणाऱ्याने वस्तूही पाहावी.

ती वस्तू इंग्लंडमध्ये दोन ठिकाणी चांगली पाहावयास मिळते. डरहॅम येथील कॅथेड्रलच्या संग्रहातील कॉन्यर्स फॉल्चन हे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. नवा बिशप आपल्या धर्मप्रांतात प्रथम प्रवेश करी, तेव्हा सॉकबर्नच्या जहागिरीचा धनी टीस नदीवर त्याला सामोरा जाऊन हे खड्ग अर्पण करी, आणि बिशप ते हाती घेऊन परत देई. जहागीर धारण करण्याची ती अट होती. हा विधी १८२६ नंतर बंद पडला व १९८४ साली पुन्हा सुरू करण्यात आला. कॉन्यर्स घराण्यातील एका वीराने ह्याच खड्गाने एक भयंकर सर्प मारला, अशी दंतकथा आहे. ती कथा त्या पराक्रमाचा काळ १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीचा सांगते; खड्गाचा घाट मात्र दोनशे वर्षांनंतरचा आहे. कथेतील खड्ग कोणतेही असो, ते हे नव्हे. मुठीच्या शेवटी असलेल्या धातूच्या गोळ्यावर एका बाजूस इंग्लंडचे तीन सिंह व दुसऱ्या बाजूस गरुड अशी राजचिन्हे आहेत. गरिबाच्या शस्त्रावर अशी चिन्हे कोणी कोरून घेत नाही.

दुसरा नमुना नॉरिचच्या किल्ल्यातील संग्रहालयात असून तो थॉर्प फॉल्चन म्हणून ओळखला जातो. कॉन्यर्सचे पाते टोकाकडे रुंद होत जाते. थॉर्पचे पाते अरुंद, पाठीला जवळजवळ सरळ आणि टोकाशी पाठीकडून तिरपे कापल्यासारखे आहे. कॉन्यर्सची एकूण लांबी सुमारे ८९ सेंटिमीटर व वजन सुमारे १ किलो ३०० ग्रॅम. थॉर्पची लांबी सुमारे ९५ सेंटिमीटर, परंतु वजन अवघे ९०० ग्रॅमच्या आसपास. ह्या आकड्यांकडे नीट पाहावे. कॉन्यर्सचे चित्र पाहणाऱ्यास ते खाटकाच्या सुऱ्यासारखे अवजड वाटते. प्रत्यक्षात त्याचे वजन त्या काळच्या सामान्य एकहाती तलवारीइतकेच आहे. ह्याचे कारण पात्याच्या जाडीत आहे. मुठीजवळ सुमारे ४ मिलिमीटर जाड असलेले ते पाते पुढे निमुळते होत टोकाजवळ २ मिलिमीटरांहूनही पातळ होते. म्हणजे हे शस्त्र कुऱ्हाडीसारखे भाराने तोडणारे नसून रुंद व पातळ पात्याने चिरणारे आहे.

बाजारातील अनेक प्रतिकृती नेमक्या ह्याच ठिकाणी फसतात. त्यांची लांबी बरोबर असते, बाह्यरेषा बरोबर असते, कित्येकदा मुठीवरील सिंहही हुबेहूब असतात. पाते मात्र मुठीपासून टोकापर्यंत एकसारख्या जाडीचे असते, आणि त्यामुळे शस्त्राचा भार टोकाकडे जातो. असे खड्ग हाती घेऊन जो संग्राहक 'फॉल्चन हे कुऱ्हाडीसारखे चालवीत असत' असे लिहितो, तो खोटे बोलत नाही. त्याच्या हातातील वस्तू तशीच आहे. दोष कारागिराच्या कौशल्याचाही नव्हे. तो छायाचित्रावरून व रेखाटनावरून काम करतो, आणि जाडी ही छायाचित्रात न दिसणारी गोष्ट आहे. पुष्कळ जुन्या सूचींत लांबी, रुंदी आणि फार तर वजन दिलेले असते; पात्याची जाडी दर दहा सेंटिमीटरांवर मोजून लिहिण्याची पद्धत अलीकडची.

येथे पाठचिकित्सेची पद्धत उपयोगी पडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. वि. स. सुखटणकरांच्या त्या कार्याशी परिचित असलेल्यांस हे सांगावयास नको की, प्रतींची संख्या हा पुरावा नव्हे. अनेक प्रतींत एकच प्रमाद आढळला, तर त्या एका पूर्वज प्रतीवरून उतरल्या असाव्यात असे अनुमान करावे लागते. फॉल्चनच्या दहा प्रतिकृती जड असल्या, तरी मूळ शस्त्र जड होते ह्याला ते दहा साक्षीदार होत नाहीत. एकाच रेखाटनावरून निघालेल्या, किंवा आधीच्या प्रतिकृतीवरूनच बनविलेल्या त्या एका कुळाच्या प्रती असतात. संमिश्र प्रतींचा प्रकारही येथे आढळतो: पाते एका अस्सल नमुन्याचे, मूठ दुसऱ्याची, आणि नाव विक्रेत्यास आवडेल ते.

तथापि हे साम्य फार ताणू नये. लेखनिक सामान्यतः मूळ पाठ जसाच्या तसा उतरविण्याचे मनात धरतो. कारागीर पुष्कळदा जाणूनबुजून बदल करतो. द्वंद्वाच्या सरावासाठी केलेल्या खड्गाची धार बोथट व जाड ठेवावीच लागते, टोकही गोल करावे लागते. तेथील जाडी हा प्रमाद नसून प्रयोजन आहे. म्हणून प्रतिकृती कोणत्या हेतूने केली, हे कळल्याशिवाय तिच्या मापांची तुलना करणे व्यर्थ होय. तिचे उगमस्थानही पाहावे लागते. अशा प्रतिकृतींपैकी काही भारतातच घडतात. डेहराडून येथील १९४३ साली स्थापन झालेल्या विंडलास स्टीलक्राफ्ट्सचा माल अमेरिकेत ज्या म्यूझियम रेप्लिकाज ह्या पेढीमार्फत विकला जाई, ती जॉर्जिया राज्यातील कॉन्यर्स नावाच्या गावी होती. डरहॅमच्या खड्गाशी ह्या ग्रामनामाचा काही संबंध नाही. केवळ नामसाम्यावर इतिहास रचणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

ह्याहून विलक्षण प्रकार मचेयोव्स्की बायबलचा आहे. तेराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये तयार झालेल्या ह्या चित्रग्रंथाची बहुतेक पाने आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत. कार्डिनल मचेयोव्स्की ह्याने तो इराणच्या शाह अब्बासास भेट म्हणून पाठविला, व १६०८ साली तो त्याच्या दरबारी पोहोचला. म्हणून चित्रांभोवती लॅटिनबरोबर फार्सी टिपाही आढळतात. त्यातील युद्धदृश्यांत काही योद्ध्यांच्या हाती मोठ्या पात्याची, पाठीला दाते असलेली एकधारी शस्त्रे आहेत. त्यांसारखे अस्सल शस्त्र आजवर एकही मिळालेले नाही. तरीही त्यांच्या 'प्रतिकृती' होतात व विकल्याही जातात. जिला आदर्श नाही, तिला प्रतिकृती म्हणणे कठीण आहे. एकाही प्रतीचा आधार नसलेली ती संपादकाची पाठकल्पना आहे. ती त्याज्य नव्हे. चित्रातील शस्त्र लोखंडात उतरवून पाहिल्यास ते हाताला पेलते की नाही, एवढे तरी समजते. परंतु डरहॅमच्या खड्गाच्या प्रतिकृतीशेजारी तिला त्याच पंक्तीत बसविता येणार नाही.

वर्गीकरणाचे काम ह्या क्षेत्रात उशिरा झाले. एवर्ट ओकशॉट ह्यांनी १९६० च्या सुमारास मध्ययुगीन तलवारींची जी प्रकारव्यवस्था मांडली, ती दुधारी तलवारींची होती. एकधारी शस्त्रे तिच्या बाहेर राहिली. त्यांची सविस्तर मांडणी जेम्स एल्म्सली ह्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केली. तोपर्यंत, आणि विक्रेत्यांच्या सूचींत आजही, नावांचा गोंधळच आहे. जर्मन 'मेसर' ह्याचा अर्थ नुसता चाकू. त्याची मूठ दोन फळ्या पात्याच्या शेपटीवर खिळ्यांनी बसवून, खरोखरच सुरीसारखी केलेली असते. फॉल्चनची मूठ तलवारीसारखी. पाती मात्र एकमेकांशी अगदी जुळणारी असू शकतात. इटालियन 'स्तोर्ता' म्हणजे वाकडी. फ्रेंचमध्ये अशा खड्गास 'माल्कुस' हेही एक नाव पडले. बायबलमध्ये संत पीटरने ज्या सेवकाचा कान छाटला, त्याचे हे नाव होय; चित्रकार पीटरच्या हाती असेच खड्ग देत असत. म्हणजे घाव घेणाऱ्याचे नाव शस्त्राला मिळाले. ही नावे देणाऱ्यांसमोर एल्म्सलींचा तक्ता नव्हता, आणि एकाच शस्त्रास दोन गावांत दोन नावे असण्यास काही अडचणही नव्हती. म्हणून संग्राहकाने आपल्या नोंदवहीत विक्रेत्याने दिलेले नाव एका रकान्यात लिहावे, मुठीची बांधणी व पात्याची दर दहा सेंटिमीटरांवरील जाडी दुसऱ्यात, आणि प्रतिकृती कोणत्या अस्सल नमुन्यावरून, की केवळ चित्रावरून केली, हे तिसऱ्यात. हा तिसरा रकाना बहुतेक नोंदवह्यांत रिकामाच असतो.