चार स्पीकर, दोन भिंती : मॅट्रिक्स एन्कोडिंगची गोष्ट

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण स्टिरिओपर्यंत आलो होतो. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवले, पण तबकडीवर जागा दोनच चॅनेलना. मग चौघांचा आवाज तिच्यात बसवायचा कसा?

आधी ती खाच डोळ्यांपुढे आणू. स्टिरिओ एलपीत खाच एकच असते आणि तिच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात असतात. एका भिंतीवर डावा चॅनेल, दुसरीवर उजवा. तिसरी भिंत नाहीच!

१९७० नंतर यावर दोन तऱ्हेची उत्तरं आली. जेव्हीसीच्या सीडी-४ पद्धतीत (नावात सीडी असलं तरी ही एलपीच बरं का) पुढच्या आणि मागच्या आवाजातला फरक ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवत. कानाला ती ऐकू येत नाही, पण वाचायला शिबाता नावाची खास सुई लागे.

दुसरं उत्तर मॅट्रिक्सचं. सीबीएसची एसक्यू पद्धत १९७१ची. तिच्यात पुढचे दोन चॅनेल जसेच्या तसे ठेवतात. मागचा प्रत्येक चॅनेल मात्र ०.७ पट करून दोन्ही भिंतींवर मिसळतात आणि मिसळताना एका भिंतीवर त्याची फेज ९० अंशांनी सरकवतात. ०.७ कशाला? कारण तेवढं केलं की दोन्हीकडे निम्मी-निम्मी शक्ती जाते आणि बेरीज पहिल्याइतकीच राहते. साध्या स्टिरिओवरही ही तबकडी नीट वाजते.

आता गोम कुठे आहे? आपण शाळेत शिकलो, की अज्ञात संख्या चार आणि समीकरणं दोन असतील तर उत्तर एकच असं निघत नाही. इथेही तेच होतं. डीकोडर चार आवाज काढून देतो, पण ते एकमेकांत सांडलेले असतात. साध्या एसक्यू डीकोडरमध्ये पुढचा डावा आणि पुढचा उजवा छान वेगळे राहतात. पण पुढच्या डावीकडचं वाद्य मागच्या दोन्ही स्पीकरमधून फक्त ३ डेसिबल कमी ऐकू येतं. ३ डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती. एवढ्याशा फरकात वाद्य पुढे आहे असं कानाला ठामपणे वाटत नाही.

म्हणून 'लॉजिक' सर्किट आलं. या क्षणी कुठला आवाज जोरात आहे ते ते ओळखतं आणि बाकीच्या स्पीकरमधली गळती दाबतं. एकटा गायक असेल तर उत्तम. पण चारही बाजूंनी एकदम वाद्यं वाजली की ते गोंधळतं आणि आवाज जागा बदलल्यासारखे वाटतात.

याहून मोठा धोका मोनोचा. एसक्यूमध्ये अगदी मागे मध्यभागी ठेवलेला आवाज दोन भिंतींवर उलट्या फेजमध्ये येतो. मोनो रेडिओनं दोन्ही चॅनेलची बेरीज केली, की तो शून्य! म्हणजे मुख्य गायकाला तिथे बसवलं, तर मोनो श्रोत्याला गाणं गायकाविनाच ऐकू येणार.

डॉल्बीनं सिनेमासाठी हेच गणित वापरलं, पण मागणं कमी केलं. पडद्यामागे डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षागृहात एकच सराउंड चॅनेल. संवाद मधल्या चॅनेलला, म्हणजे दोन्हींत सारख्या फेजमध्ये, त्यामुळे मोनोतही शाबूत. सराउंड उलट्या फेजमध्ये, आणि तिथे पाऊस, गर्दी, घुमारा असं वातावरण. मोनोत ते गेलं तरी गोष्ट कळते. शिवाय सराउंड किंचित उशिरा सोडतात. आपला कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो, त्यामुळे मागे गळलेला संवादही पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो.

तेव्हा मिक्स करणाऱ्यानं एक पथ्य पाळायचं. चार ट्रॅक सुटे ऐकून समाधान मानायचं नाही. एन्कोडर आणि डीकोडर मध्ये घालून, जे श्रोत्याच्या घरी पोचणार आहे तेच ऐकत मिक्स करायचं; मग स्टिरिओत आणि शेवटी मोनोत तपासायचं. दोन चॅनेलमध्ये काय मावणार नाही हे आधी ठरवलं, तर जे हरवेल ते निदान आपण निवडलेलं असेल.