बेंगाल मांजर आणि आपली वाघाटी

बिबट्यासारखे ठिपके अंगावर वागविणारे ‘बेंगाल’ नावाचे पाळीव मांजर अलीकडे शहरांतून विकावयास येऊ लागले आहे. नावावरून ते बंगालातले वाटते. पण त्याची पैदास अमेरिकेतली. बंगाल आला तो त्याच्या रानटी पूर्वजाच्या शास्त्रीय नावातून. हा पूर्वज मात्र आपला शेजारी आहे. सत्तरीच्या म्हादई अभयारण्यात त्याचा वावर आहे. आपण त्याला वाघाटी म्हणतो.

१९६३ च्या सुमारास अमेरिकेत जीन मिल या बाईंनी वाघाटीची मादी आणि घरचा काळा बोका यांचा संकर घडविला. दोहोंची गुणसूत्रे ३८ च. म्हणून पिले झाली. परंतु अशा संकरातले पहिल्या काही पिढ्यांचे बोके वांझ निघतात, त्यामुळे माद्यांचा पुनःपुन्हा घरच्या बोक्यांशी संबंध आणावा लागतो. १९८२ साली या बाईंनी दिल्लीहून एक ठिपकेदार बोका नेला. तो प्राणिसंग्रहालयात गेंड्यांच्या आवारात राही, असे सांगतात. बेंगालच्या केसांवरची सोनेरी झळाळी त्याच्या वंशाची मानतात. म्हणजे ज्या तेजाला परदेशात एवढे मोल, ते दिल्लीच्या एका बेवारशी बोक्याचे!

ह्या मांजराचे शरीर लांब व पिळदार, मागचे पाय किंचित उंच, केस आखूड व मऊ. ठिपके पोटावरही असतात. काहींचे ठिपके दुरंगी, फुलासारखे. शेपटीचे टोक काळे. स्वभाव अतिशय चपळ. पुष्कळांना पाण्याचीही आवड असते. कोपऱ्यात निजून राहणारे मांजर हवे असलेल्याने ह्याच्या वाटेस जाऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट. काजूच्या बागेत ठिपक्यांचे पिलू सापडले, की ‘हेच ते महागडे मांजर’ म्हणून ते घरी आणण्याचा मोह होतो. बेंगाल कित्येक पिढ्यांनी माणसाळले. वाघाटी माणसाळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. कानांच्या मागच्या बाजूस पांढरा डाग आणि डोळ्यांच्या आतल्या कडेने कपाळाकडे जाणारे पांढरे पट्टे दिसले, तर ती वाघाटी समजावी. पिलास हात लावू नये, कुत्री दूर बांधावीत. आई जवळच असते व बहुधा रात्री परत येते. पिलू जखमी असेल तर वनखात्यास कळवावे.